बाळीचा चौथा प्रयत्न

५ जानेवारी
बाळी प्रवेश परीक्षेला चौथ्यांदा बसणार! मामेबहीण झाली म्हणून काय झालं, माणसाला थोडी तरी लाज असावी. मी एकदाच दिली — भाषा ८६, गणित ६८. एकूण १५४. तिच्या तीन वेळांतले सगळ्यात बरे म्हणजे १४९. पण आईच्या तोंडी दिवसभर भाचीचंच कौतुक. काय तिची चिकाटी, काय तिची मेहनत! माझे पाच गुण जास्त आहेत, ते कुणाला दिसत नाहीत.

सगळ्यांसमोर मी बोलून गेले, की डोकं असलं की एकदा पुरतं. बाळी नुसती हसली. तिला राग येत नाही, याचाच मला जास्त राग येतो.

१९ जानेवारी
वाचनालयात जाते असं सांगून निघाले आणि परीक्षा देऊन आले. हो, मीसुद्धा! बाळीचं केंद्र दुसरीकडे होतं म्हणून वाचले. गणित मस्त गेलं. भाषेतला शेवटचा उतारा वाचायलाच वेळ उरला नाही.

२ फेब्रुवारी
गणित ८१. भाषा ६४. एकूण १४५ — आधीपेक्षा नऊ कमी. हे कुणाला कळता कामा नये.

बाळीला भाषेत ७८, गणितात ७०. म्हणजे अजूनही माझ्या खालीच. तरी बाबा उठून तिला शाबासकी द्यायला गेले. माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

९ फेब्रुवारी
बाळी अर्ज भरायला आमच्याकडे आली. कुठल्या कुठल्या वेळचे गुण पाठवायचे ते आपण निवडायचं. माहितीपत्रक चाळीस पानांचं. ते ना तिने वाचलं, ना मी. "तू सांगशील तसं करते," म्हणाली, "तुला यातलं कळतं."

मी म्हटलं, चारही वेळचे पाठव. कॉलेजला प्रामाणिकपणा आवडतो.

काय पण तोंड माझं! चारदा बसलेली मुलगी बघून ते अर्ज बाजूला सारतील, एवढंच माझ्या मनात होतं. तिने निमूटपणे चारही चौकटींत खूण केली. ती गेल्यावर मी माझा अर्ज भरला. फक्त पहिल्या वेळचे गुण.

१० फेब्रुवारी
वाईट वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

१८ मार्च
यादी लागली. बाळी आहे. मी नाही.

शेवटचा प्रवेश १६० वर थांबला. बाळीच्या नावापुढे १६१! तिला कधीच एवढे नव्हते. चूक असणार, म्हणून तावातावाने कॉलेजात फोन केला. कार्यालयातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "पाठवलेल्या सगळ्या प्रयत्नांमधून प्रत्येक विषयाचे जास्तीत जास्त गुण आम्ही धरतो. पान बारा बघा."

तिचं तिसऱ्या वेळचं गणित ८३, चौथ्या वेळची भाषा ७८.

फोन ठेवून मी ८६ आणि ८१ ची बेरीज केली. १६७. परत केली. तेवढीच आली.

१९ मार्च
बाळी सकाळीच आली आणि गळ्यात पडली. म्हणाली, मी एकच पाठवणार होते गं, तू सांगितलंस म्हणून चारही पाठवले. मग माझा हात धरून रडायलाच लागली — "तूही अजून एकदा बसली असतीस तर दोघी बरोबर गेलो असतो."

मी म्हटलं, हो ना, बसायला हवं होतं.