राहीच्या घरच्या गाठी

मुक्काम दवाखाना, तालुका पाथर्डी
रविवार, ११ फेब्रुवारी १९७३

प्रिय चांगुणा,

'प्रिय' पाहून तुमच्या वस्तीवर कुणी हसलं तर हसू दे. तुझं कार्ड मिळालं. आठवा लागला, पायांवर थोडी सूज आहे, बाकी ठीक. एवढ्या तीन गोष्टी लिहायला तुला बारा दिवस लागले! आणि त्यातही सूज किती ते नाहीच. घोट्यापर्यंत आहे की वर चढलीय? बोटाने दाबलं तर खळगा राहतो का? डोकं दुखतं का? नवऱ्याने बायकोला असलं विचारू नये, असं आई म्हणतील. पण मी पडलो ड्रेसर, आयुष्यभर जखमा धुवून पट्ट्या बांधणारा. मला दुसरं गोड काय विचारता येणार? मीठ कमी खा आणि पाय वर घेऊन पड. पाणी आणायला तुला टँकरच्या रांगेत उभं करत नाहीत ना, तेही कळव.

इथे माझं बरं चाललंय म्हणायचं. भाकरी अजून गोल होत नाही. श्रीमंत ड्रायव्हर रोज माझ्या ताटात डोकावून ही कुठल्या तालुक्याची हद्द म्हणून विचारतो, आणि मग त्याच भाकरीतली अर्धी खातो. तू असताना घरी आल्यावर तुझ्यावर चिडता तरी यायचं. आता चिडायला भिंती आहेत, त्या उलट बोलत नाहीत, त्यामुळे राग जिथल्या तिथे राहतो. तू जायच्या आधीही मी चिडलेलाच होतो म्हणा. नगरला बाळंतपण करू, असं मी एकदाच म्हणालो होतो. मामा म्हणाले, आमच्या लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात जावयाने बोलायचं नसतं. तू पदर सावरून गाडीत बसलीस आणि मी तुझी ट्रंक उचलून ठेवली. तेव्हाच बोलायला हवं होतं. आता पत्रात बोलतो आहे.

कामाचं सांगू? चाळीस गावांना मिळून आमची एक जीप. कागदावर तिच्याबरोबर डॉक्टर आणि नर्सबाई जातात. खरं म्हणजे ते दोघे नसबंदीच्या शिबिरांना गेलेले असतात, कारण ऑपरेशनांचा आकडा वर कळवायचा असतो. मग कुणी बोलवायला आलं की जीपमध्ये श्रीमंत, मी, माझी पेटी आणि एक स्ट्रेचर. लोक मला डॉक्टर म्हणतात. पहिल्या वर्षी मी दुरुस्त करायचो, आता करत नाही. डॉक्टर नाही म्हटलं की त्यांचे चेहरे असे पडतात की पेशंटाआधी त्यांनाच धीर द्यावा लागतो.

आणि बोलावणी तरी कसली! कार्तिकात एका वाडीवरून माणूस धावत आला, म्हातारबांच्या छातीत कळ आलीय, जीव जातोय. आठ मैल धूळ खात गेलो. म्हातारबा फेटा बांधून, दोन कोंबड्या बगलेत धरून वाटेवरच उभे. तिसगावचा बाजार होता. "आता आलाच हायसा तर बाजारापत्तुर न्या की," असं वर हसून मला म्हणाले. पुढच्या महिन्यात मोठा अपघात म्हणून नेलं, तर बैल कोरड्या विहिरीत पडलेला आणि त्यांना जीपचा दोर हवा होता. श्रीमंतने बैल काढला, तो वाचला, आणि लोकांनी आम्हाला हारही घातला. मी तो हार रस्त्यात फेकून दिला. त्याच दिवशी खडीच्या कामावर एका बाईच्या डोळ्यात कपरी उडाली होती आणि आम्ही मुक्कामी पोचलो तोवर ती चालत येऊन, डोळ्यावर पदर दाबून, पायरीवर बसून होती. तिचा तो डोळा गेला. बैल मात्र अजून आहे, मी परवाच पाहिला.

मग मी एक युक्ती काढली. तिचं पुढे सांगतो. आधी राहीचं सांगतो, कारण चार दिवस झाले, मला दुसरं काही सुचत नाही.

राही एकोणीस वर्षांची. तुझ्यासारखीच पहिलटकरीण, तुझ्यासारखीच माहेरी आलेली. ओढ्यापलीकडे खडकावर तीन घरांची वस्ती, जीप ओढ्याच्या अलीकडेच थांबते. तिचा चुलता छगन बोलवायला आला होता, चाळिशीचा, खाली मान घालून बोलणारा माणूस. आम्ही ओढ्याशी पोचलो तेव्हा एक वाजला होता. छगन म्हणाला, बैलगाडी जुंपून ठेवायला सांगितलीय, पाच मिनिटांत पोरीला इकडे आणतो. पाहतो तर गाडी उभी आणि बैल नाहीत.

तुला ठाऊक आहे, बाई अडली की घरातली कुलपं उघडतात, गाठी सोडतात. तुमच्याकडेही असेल. पण गोजरबाईंनी, म्हणजे राहीच्या आईने, काही म्हणता काही बांधलेलं ठेवलं नव्हतं. ट्रंका उघड्या, कणगीची झाकणं काढलेली, शिदोरीची फडकी सोडलेली, घरातल्या सगळ्या बायकांचे केस मोकळे. वळणीची दोरीही सोडलेली, धुणं अंगणात पडलेलं. आणि त्याच भरात बैलांची दावी सोडली. सहा महिने अर्धपोटी राहिलेली जनावरं, ती कशाला थांबतात! चाऱ्याच्या छावणीकडे निघून गेली. राहीचे वडील त्यांच्या मागे पळत गेलेले. गावचे बाकी गडी दुष्काळी कामावर. म्हणजे ज्या गाडीने पोरीला न्यायचं तिचे बैल त्यांनी स्वतःच्या हाताने सोडून दिले होते. चांगुणा, मी ओरडलो. उंबऱ्यात उभा राहून, आत बाई अडलेली असताना, मी म्हातारीवर ओरडलो.

आत गेलो तर बाळाचा हात बाहेर आलेला. कधीपासून, तर म्हणे सकाळपासून. माझ्या पेटीत यावर काहीही नाही. नगरला नेऊन पोट कापणं एवढाच उपाय. मी आणि श्रीमंतने स्ट्रेचर उचललं, छगन पायाकडे. स्ट्रेचरचे पट्टे लावायला गेलो तर गोजरबाईंनी माझे हात धरले. "बांदू नगं रं दादा, पाया पडते तुज्या, येकबी गाठ नगं." पट्टा म्हणजे गाठ नव्हे, हे मी तिला कसं पटवणार? पट्टे न लावताच निघालो. ओढ्याच्या दगडगोट्यांतून एका हाताने दांडा आणि दुसऱ्या हाताने राहीचा खांदा धरून चाललो. तिने एकदाही आवाज केला नाही. बायका एवढ्या गप्प राहिल्या की मला भीती वाटते.

गोजरबाई आणि छगनही जीपमध्ये बसले. जीप तिसगाव मागे टाकून करंजीच्या घाटाला लागली तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. मला म्हणाली, "दादा, टाइम हाय ना अजून?" मी म्हणालो, आहे, खूप आहे. तिने डोळे मिटले. घाट संपायच्या आत संपलं सगळं. श्रीमंतने जीप कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तोंड फिरवून बसला.

गोजरबाई रडली नाही. ती स्वतःच्या अंगावर काहीतरी शोधायला लागली. चोळी चाचपली, कमर चाचपली, आणि मग पदराच्या टोकाला तिला गाठ सापडली. मिसरीची पुडी बांधलेली होती. तिने ती माझ्यासमोर धरली आणि म्हणाली, "ही ऱ्हायली. म्याच मारली माज्या लेकीला." छगन खाली बघत होता. श्रीमंत खाली बघत होता. मी पण खाली बघितलं.

आता युक्तीचं सांगतो. खोटी बोलावणी ओळखायला मी असं ठरवलं होतं की माणूस आला की त्याला ओसरीवर बसवायचं, चहा द्यायचा आणि पाहायचं. ज्याच्या घरात खरंच जीव जातोय तो बसत नाही. तो ओरडतो, दार वाजवतो, हाताला धरून ओढतो. बाजाराला जायचं असतं तो चहा पितो. तीनदा ही युक्ती बरोबर ठरली. मी श्रीमंतला फुशारकीने सांगितलं होतं की सरकारने मला याचं बक्षीस द्यावं.

छगन सकाळी नऊला आला होता. नऊ मैल सायकल मारून. "पोरगी अडलीया," एवढंच म्हणाला. डॉक्टर आणि नर्सबाईंना सोडून जीप परत आलेली होती, अंगणात उभी होती, श्रीमंत तिच्या टपाला टेकून बिडी ओढत होता. मी छगनला बस म्हणालो. तो बसला. चहा दिला, तो प्याला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिला. मी आत पट्ट्या गुंडाळत होतो, मधून मधून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघ, बसलाय. अकरा वाजता तो उठून दारात आला आणि म्हणाला, "सायेब, निघायचं का आता?" तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे नीट बघावंसं वाटलं.

घाटात मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, ओरडला का नाहीस? तो म्हणाला, दादाने, राहीच्या बापाने, बजावलं हुतं, सरकारी मानूस हाय, त्यो म्हनंल तसं कर, उलटं बोलू नगं, रागावला तर येनार न्हाई. म्हणून तो बसला. मी सांगितलं म्हणूनच तो बसला, चांगुणा. नऊला निघालो असतो तर जीपच्या फेऱ्याच्या, खडकाळ वाटेनेही अकराला ओढ्याशी असतो. तेव्हा बैल दावणीलाच होते. गाठी साडेअकरानंतर सोडल्या, जीप येत नाही असं दिसल्यावर. हे मला छगननेच सांगितलं, घरच्या बायकांकडून ऐकलेलं, तक्रार म्हणून नव्हे, सहज. नोंदवहीत मी 'वाहनास विलंब, कारण बैल उपलब्ध नाहीत' असं लिहिलं. डॉक्टरांनी सही केली. आणि ती म्हातारी आज तिकडे खडकावर बसून पदराच्या गाठीला दोष देत असेल. उद्या मी सायकलने तिच्याकडे जाणार आहे. काय बोलायचं ते अजून जुळलेलं नाही, पण जाणार आहे.

तू म्हणशील, पोटुशीला असलं का लिहिलं. चार दिवस मी हे पत्र याच विचाराने लिहिलं नाही. पण काल मामांचं कार्ड आलं. लिहितात, काळजी नसावी, जावईच दवाखान्यातला आहे तर भ्यायचं कशाला, वेळ आली की माणूस पाठवतो, तुम्ही जीप घेऊन या. ते कार्ड वाचलं आणि ठरवलं, लिहायचंच. तुमच्या वस्तीपासून इथे अकरा मैल. माणूस निघेल तेव्हा जीप दुसऱ्या कुणाच्या दाराशी असेल, आणि त्यांची अडचणही खरीच असेल. मी समोर आलो तर मामांपुढे काही बोलणार नाही, जेवून परत येईन, हे तुलाही माहीत आहे. म्हणून हे पत्र तू एकटीने वाचू नकोस. मामांसमोर बस आणि मोठ्याने वाच, सगळं वाच, माझे दोन तासही वाच. त्यांचा माझ्यावरचा मान गेला तर जाऊ दे, तो असाच गेला पाहिजे. भागूआक्काने भावजयीसाठी म्हणून नगरला माळीवाड्यात मागची खोली रिकामी केली आहे, दवाखाना तिथून चालत जाण्यासारखा आहे. पुढच्या रविवारी दुपारच्या एस्टीने मी येतो. तुझी ट्रंक बांधून ठेव. आणि मामांना सांग, जीप येईल या भरवशावर माझ्या बायकोला घरात ठेवू नका, त्या जीपवर मी आहे.

तुझाच,
गहिनीनाथ