घरी झोपलेलं मूल

दिल्ली कँट,
दि. १४ सप्टेंबर २००८

अहो,

सप्रेम नमस्कार, वि. वि. तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. तिकडं बर्फ पडायला लागला म्हणता, आणि इथं पंख्याखालीसुद्धा जीव नकोसा होतो. क्वार्टरचा नळ दुरुस्त करायला माणूस दोनदा आला, दोन्ही वेळा पाना विसरून आला. गावाहून आत्याबाईंचा फोन होता. लेक बर्फात, सून दिल्लीत आणि आम्ही म्हातारी म्हशीच्या भरवशावर, असं ऐकवलं त्यांनी. म्हणजे तब्येत ठणठणीत आहे, काळजी नसावी.

तुम्ही जे विचारलंत त्याचं उत्तर याच पत्रात देणार आहे. मागच्या दोन पत्रांत मी ते टाळलं, हे तुमच्याही लक्षात आलंच असेल. पण त्याआधी माझ्या नोकरीचं थोडं ऐकून घ्यावं लागेल. फोनवर हे बोलता येत नाही, तुमच्या मागं रांगेतले जवान खोकत उभे असतात.

मी 'सर्व्हे'वर जाते एवढंच तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला वाटत असेल, हातात कागद घेऊन दारोदार फिरते. तसं नाही हो. मी सोंग काढते.

आमची संस्था अर्थशास्त्राच्या संशोधनाची. दवाखान्यांवर सरकार एवढा खर्च करतं, बाहेरच्या देशांतून मदत येते, पण गरीब माणूस डॉक्टरसमोरच्या स्टुलावर बसला की त्याला नक्की काय मिळतं, हे त्यांना मोजायचं आहे. डॉक्टरांना नुसतं विचारलं तर सगळे पाठ केल्यासारखं बरोबर बोलतात. म्हणून आम्हा बायकांना खोटे रुग्ण करून पाठवतात. असं कोणीतरी केव्हातरी येईल, याला डॉक्टरांची आधीच संमती घेतलेली असते. कोण आणि कधी, ते मात्र सांगत नाहीत. आम्ही दुखणं सांगायचं, डॉक्टरनं काय विचारलं, काय दिलं ते ध्यानात ठेवायचं आणि बाहेर येऊन टिपायचं.

लतिकाताई आमच्या प्रमुख. मराठीच आहेत. वडील केंद्र सरकारात होते, लहानपण सगळं मयूर विहारमध्ये गेलं. त्यांचं मराठी ऐकून तुम्ही पोट धरून हसाल. कामं वाटताना कुणाला छातीत दुखणं आलं, कुणाला खोकला. मला म्हणाल्या, "सुमित्रा, तुला मुलं?" मी म्हटलं, नाही. "अच्छा, मग चलो, बच्चेवाला केस तू घे. ज्यांची स्वतःची मुलं आहेत ना, त्यांना ते हेवी होतं यार."

म्हणून मला जुलाब झालेलं मूल मिळालं. दोन वर्षांचा मुलगा, नाव गुड्डू. तो घरी झोपलेला आहे आणि मी औषध न्यायला आले आहे, असं ते सोंग.

पालम, नजफगढ, एकदा तर शेअर ऑटोत कोंबून पार मानेसरपर्यंत गेले. बहुतेक जण मान वर करून बघतसुद्धा नाहीत. माझं वाक्य संपायच्या आत गोळ्या पुडीत पडलेल्या असतात. मीठ-साखरेच्या पाण्याचं नाव काढणारा विरळाच. सुरुवातीला मला गंमत वाटायची. हातखंडा झाला होता. मग एक दिवस घरी आले आणि दाराचं कुलूप अगदी हळू काढलं. आवाजानं जाग येईल म्हणून. आत पाऊल टाकल्यावर कळलं, मी काय केलं ते. दुसऱ्या दिवशीही तसंच.

गुड्डू कधी उठत नाही हो. प्रत्येक दवाखान्यात मी तेच सांगते, घर पर सो रहा है. इतक्या वेळा सांगितलं की घरात खरंच कुणीतरी झोपायला लागलं. मी भांडी हळू ठेवते. कॉटच्या भिंतीकडच्या बाजूला बसत नाही. मला वेड लागलेलं नाही, घाबरू नका. मला ते आवडायला लागलं होतं, आणि त्याचीच भीती वाटत होती.

मागच्या सोमवारी पालमच्या पलीकडच्या एका सरकारी दवाखान्यात गेले. डॉ. सबरवाल म्हणून बाई आहेत, पन्नाशीच्या, आवाज चढा, टेबलाखाली चप्पल काढून बसलेल्या. रांग दाराबाहेर गेलेली, तरी त्यांनी एकेक विचारलं. कितनी बार हुआ, खून तो नहीं, पेशाब कब किया. मी मनात म्हटलं, भेटलं बाई एक माणूस! तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रोता है तो आँसू आते हैं?"

याचं उत्तर आम्हाला पढवलेलं आहे. हो, येतात. म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं नाही, मूल फार आजारी नाही, नुसत्या पाण्यानं बरं होणारं आहे.

मी म्हणाले, "नहीं."

हा प्रश्न एवढ्या दिवसांत मला कुणी विचारला नव्हता. इथं नाही, आणि तेव्हा गावीही नाही. तुम्ही तेव्हा तेजपूरला होतात. तुम्ही पोचलात तोवर सगळं उरकलं होतं, म्हणून तुम्हाला हे माहीत नाही. शेवटच्या सकाळी आपला मुलगा रडत होता आणि डोळे कोरडे होते. आत्याबाई म्हणाल्या, लबाड आहे, लटकं रडतोय. आम्ही दोघी हसलो हो. तालुक्याच्या डॉक्टरनं सुई टोचली, लाल औषध दिलं, पाणी कमी पाजा म्हणाला. त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मला उत्तर माहीत होतं. कुणी विचारलंच नाही.

डॉ. सबरवाल उठून उभ्या राहिल्या. "अभी लेके आओ. भागो! बाहर पता लिखवा दो." पत्ता खोटा सांगायचा असतो, पाठही होता. पण तोंडून आपल्या क्वार्टरचा खरा निघाला. आणि मी पळाले. लोकांच्या देखत, पदर सावरत, बसथांब्यापर्यंत पळाले.

दुपारी दवाखाना बंद झाल्यावर बाई स्वतः दारात. हातात सलाइनची बाटली, ओआरएसची पाकिटं. "बच्चा कहाँ है?"

बच्चा नाही, हे संशोधन आहे, एवढंच सांगायचं होतं. मी म्हणाले, "नहीं रहा."

त्या तिथंच पायरीवर बसल्या. "मैंने अकेले जाने क्यों दिया तुम्हें," असं स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या. ते शब्द मी आजवर मोठ्यानं कधी बोलले नव्हते. आणि बोलले तेव्हा एका भल्या बाईच्या गळ्यात मेलेलं मूल बांधलं.

मी लतिकाताईंकडे गेले. म्हटलं, त्यांना खरं सांगू द्या. "बिल्कुल नाही, सुमित्रा. तू कोण हे तिला कळलं, तर तिला स्टडीतून काढावं लागेल. आणि यार, सगळं करेक्ट विचारणारी एकटी तीच तर आहे!"

"पण ती बाई आज एका मेलेल्या पोराला घेऊन बसली आहे."

"पोर खोटं आहे ना?"

"माझं आहे," मी म्हणाले. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. वाईट नाहीत हो त्या. हा अहवाल नीट झाला तर किती पोरं वाचतील, असा त्यांचा विचार असतो, आणि तो खोटाही नाही. हळूच म्हणाल्या, "तू गेलीस तर मी तुला ठेवू नाही शकणार." मी गेले.

दवाखान्यात बघते तर काय, पोर घेऊन आलेल्या एकाही बाईला डॉक्टरीणबाई घरी सोडत नव्हत्या. बाकांवर, व्हरांड्यात, जिन्यावर, जिकडंतिकडं पोरं आणि पाण्याच्या वाट्या. बायका कुरकुरत होत्या, कुणाचं काम बुडत होतं. मी पुढं जाऊन सगळं सांगितलं. त्या एवढ्या ओरडल्या की पोरं रडायला लागली. "तमाशा समझ रखा है? नींद नहीं आई मुझे!" मी ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा सैल झाला. "मतलब कोई बच्चा था ही नहीं? कोई नहीं मरा?"

तेवढं ऐकवायलाच तर मी गेले होते. नाही म्हटलं असतं तर त्या सुटल्या असत्या, मीही सुटले असते. लतिकाताईंनी मुलं आहेत का विचारलं, तेव्हा 'नाही' किती सहज म्हटलं होतं. या वेळी जमलं नाही.

"था," मी म्हणाले. "आपवाला नहीं. मेरा. तीन साल हो गए."

त्यांनी पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं. "बैठो. नाम क्या था?"

अहो, हेही कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही आलात त्या दिवशी म्हणालात, आता तो विषय घरात नको. माझ्यासाठीच म्हणालात, कळतं मला. मी तो काढला नाही. पण परवा त्या व्हरांड्यात, परक्या बायकांच्या देखत, मी आपल्या श्रीरंगचं नाव घेतलं आणि घेतच राहिले. चालायला कधी लागला, कशाला हसायचा, सगळं सांगितलं. रांग खोळंबली, पण बाईंनी मला उठवलं नाही.

नोकरी गेली, हे वेगळं सांगायला नको.

आता तुमचं उत्तर. बेस हॉस्पिटलला दोघांनी दाखवून घ्यावं, दुसऱ्याचा विचार करावा, असं तुम्ही लिहिलंत. दुसऱ्याला माझी ना नाही. पण ज्या घरात पहिल्याला कुणी हाक मारत नाही, तिथं मी दुसऱ्याला आणणार नाही. सुट्टीवर याल तेव्हा मला त्याच्याबद्दल बोलायचं आहे. तुमच्यानं बोलवलं नाही तर नुसते जवळ बसा, उठून जाऊ नका.

या पत्राला उत्तर लिहाल तेव्हा ख्यालीखुशाली नंतर लिहा. आधी त्याचं नाव लिहा.

तुमची, आणि श्रीरंगची आई,
सुमित्रा