दोन प्रतिष्ठित गृहस्थांचे दाखले

प्रति,
मा. जिल्हाधिकारी साहेब,
जिल्हा अहमदनगर.

अर्जदार : राधाकृष्ण सूर्यभान कुलथे, बी.ए., एलएल.बी., वकील, वय ५१, रा. जामखेड.

विषय : अतिरिक्त सरकारी वकिलाच्या जागेसाठी चारित्र्याचे दाखले जोडण्याच्या अटीतून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : माझ्या दि. ४ ऑक्टोबर १९७१ च्या अर्जावरील शेरा, "तालुक्यातील दोन प्रतिष्ठित गृहस्थांचे दाखले जोडून फेर सादर करावा."

महोदय,

१. सविनय सादर करतो की, मला १९४८ साली सनद मिळाली. तेव्हापासून मी फक्त आरोपींच्या बाजूने उभा राहिलो. खुनाचे एकतीस खटले चालविले, पैकी सव्वीसांत आरोपी निर्दोष सुटले. मूळ अर्जात हा आकडा मी मोठ्या तोऱ्यात अधोरेखित केला होता. ती रेघ कृपया खोडावी.

२. दाखल्यांची अट रास्तच आहे. अडचण एवढीच की, माझे काम जवळून पाहिलेले प्रतिष्ठित गृहस्थ म्हणजे मीच सोडवून आणलेले आरोपी. मौजे डोंगरपिंप्रीच्या सोसायटीचे चेअरमन श्री. गहिनीनाथ यांच्यावर चुलत्याचा गोठा पेटविल्याचा आरोप होता. आत दोन बैल होते. जप्त काड्यापेटीवर लाखेचे सील नव्हते, या मुद्द्यावर ते सुटले. त्यांनी मला "भूतदयाळू" असा दाखला दिला आहे! त्याच गावचे सरपंच श्री. रंगनाथ यांनी तर कोऱ्या कागदावरच सही केली. म्हणाले, "काय बी लिव्हा वकीलसाहेब, आमी डोळं झाकून सही करतो. तुमी बी आमच्यासाठी डोळं झाकलं हुतंच की!" सारी बैठक हसली. मला शिसारी आली, साहेब. त्यांच्या घरचा चहा तसाच ठेवून मी उठलो.

३. हे रंगनाथ १९६३ साली कानिफनाथ नावाच्या तरुणाच्या खुनाचे आरोपी होते. त्यांनी माझ्या बैठकीत शेंगा सोलत मला काय सांगितले, ते उघड करण्यास कायदा मनाई करतो. दुसऱ्यांदा विचारण्याची गरज उरली नाही, एवढेच नमूद करतो. कानिफनाथची आई बनुबाई ही एकमेव साक्षीदार. तिचे म्हणणे असे की, मुलगा जेवायला आला नाही म्हणून तिने बांधावरून हाक मारली, तो विहिरीपाशी वळला आणि तेवढ्यात कुऱ्हाड पडली. बांधावरची हाक विहिरीवर ऐकू जात नाही, तेव्हा बाई तिथे नव्हतीच, असा माझा बचाव होता. मी तिला म्हणालो, "त्या दिवशी मारली तशीच हाक आत्ता मारा." तिने तोंड उघडले. मुलाचे नाव काही बाहेर येईना. दोनदा प्रयत्न करून ती पिंजऱ्यातच खाली बसली. मी कोर्टाकडे वळून म्हणालो, "बाईला आवाजच नाही, हाक कसली?" आरोपी सुटला. बाररूममध्ये मला पेढे भरविण्यात आले. मी ते खाल्ले. नवे वकील ही उलटतपासणी आजही एकमेकांना रंगवून सांगतात, आणि ती कानावर पडली की मला माझीच किळस येते.

४. उरलेली वर्षे अशा साक्षीदाराच्या बाजूला उभे राहता यावे, म्हणूनच ही जागा मागतो आहे. ती रंगनाथांच्या सहीवर मिळविणे म्हणजे निर्लज्जपणाची कमाल होईल. सबब वरील दोन्ही दाखले फाडून टाकले आहेत.

५. त्यानंतर गेल्या सोमवारी मी स्वतः बनुबाईंकडे गेलो. त्या अंगणात गोवऱ्या थापत होत्या. त्यांच्या नावे लिहिलेला दाखला मी वाचून दाखविला आणि अंगठा मागितला. त्यांनी शेणाचा हात धुतला नाही, मला बस म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "कोर्टात जबानीखाली एकदा अंगठा दिला हुता मी. तवा तुमीच म्हनला, बाई खोटी हाय. मग आज माजा अंगठा खरा कसा हुईल?" साहेब, तेवीस वर्षे मी साक्षीदारांना निरुत्तर करीत आलो. त्या दिवशी मी छत्री उचलून परत आलो.

६. तरी दाखल्यांच्या अटीतून सूट मिळावी, ही विनंती. नियमात बसत नसल्यास अर्ज खुशाल फेटाळावा. मात्र शेऱ्यात "दाखले अपुरे" असे लिहू नये. बनुबाईंनी दिलेले कारण त्यांच्याच शब्दांत लिहावे आणि ते माझ्या नावापुढे कायम दप्तरी ठेवावे.

आपल्या निर्णयास बांधील,

(सही)
रा. सू. कुलथे, वकील
जामखेड, दि. १२ नोव्हेंबर १९७१

सोबत :
१) सनदेची नक्कल
२) बनुबाईंच्या नावे लिहिलेला दाखला, अंगठ्याची जागा कोरी