शांत खोलीत बसणारा बाबा

प्रिय केरिन,

फोन केला की 'आई, कामात आहे गं' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. बाबाला भेटायला ये. ख्रिसमसला नको, आत्ताच ये. पण आधी माझा मूर्खपणा ऐक.

टेकडीवरच्या कलादालनातली आमची शांत खोली तुला ठाऊकच आहे. चार काळी चित्रं, एक बाक, छतातून येणारा उजेड. बारा वर्षं मी तिच्या दारात राखणीला उभी आहे. माणसं बूट काढून आत येतात, पाच मिनिटं चुळबुळतात, घड्याळ बघतात आणि मग एकदम गप्प होतात. कुणी रडतं. रडणाऱ्याशी बोलायचं नाही, कागदी रुमालांचा डबा हळूच शेजारी ठेवून मागे यायचं, असा आमचा नियम. बाबा यावर किती हसायचा! 'आयलीन, काळा रंग बघायला लोक विमानाने येतात? माझ्या बोटीचा तळ फुकट दाखवतो की!'

आणि मार्चमध्ये तो स्वतःच आला. बूट काढून बाकावर बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, मग रोजच. मला कोण आनंद! चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नवरा माझं काम बघायला आला होता. तासन्‌तास एकाच चित्राकडे बघायचा. निघताना डावा बूट उजव्या पायात घालायचा, तर मला वाटायचं, तंद्री लागलीय. असे कितीतरी पाहिलेत मी. घरीही गप्पच, पुढ्यातला चहा निवून जायचा. शेजारच्या ग्लेनिसला मी तोऱ्यात सांगितलं, 'उशिरा का होईना, क्लाइव्ह चित्रं बघायला शिकला.' ती म्हणाली, 'अगं, डॉक्टरला दाखव त्याला.' मी फणकारून निघून आले. जळतेय मेली, असं वाटलं.

तो रडायला लागला तेव्हाही मी डबा ठेवून मागेच आले. सहा आठवडे, केरिन! माझा नवरा रडत होता आणि मी दारात उभी राहून सुखावत होते. कुठे फेडू हे?

काल राहवेना. नियम गेला खड्ड्यात म्हटलं आणि शेजारी बसून त्याचा हात धरला. त्याने तो अदबीने सोडवून घेतला. म्हणाला, 'बाई, घरची वाटच सापडत नाही हो. ही टेकडी तेवढी दिसते, म्हणून इथे येऊन बसतो. तुम्ही दार लावलंत की तुमच्या मागोमाग निघतो, मग घर लागतं. रागावू नका.' चित्रं त्याने पाहिलीच नव्हती गं.

सोमवारी होबार्टला डॉक्टरकडे नेतेय. ते काय सांगतील ते सांगोत. काल तिथेच धीर करून मी त्याला विचारलं, घरी कोण कोण असतं तुमच्या? बायकोचं नाव काही केल्या आठवेना. कपाळ चोळत बसला बिचारा. मग एकदम म्हणाला, 'केरिन! माझी मुलगी केरिन. ती येतेय ना?' मी हो म्हणून बसलेय. ये गं पोरी. माझं नाव गेलं, तुझं अजून आहे.

तुझीच,
आई