शेफालीच्या नावाचा डबा

नारायण पेठ, पुणे
१० ऑक्टोबर २०१९

प्रिय वैजनाथभाऊजींना,

वहिनीचा नमस्कार. चंद्रभागेला आशीर्वाद. थंडी सुरू झाली की तुमचा गुडघा डोकं वर काढतो, तेव्हा पायमोजे घालत चला. तुमच्या भावासारखं "मला काही होत नाही" म्हणू नका. तसं म्हणणारा माणूस या घरातून गेला, त्याला दोन वर्षं होतील.

इकडे सगळं ठीक. मला सातवीनंतर शाळा मिळाली नाही हे तुम्हाला माहीत आहे. ह्यांनी वाचनालयात नाव घातलं तेव्हापासून जे हाती लागेल ते वाचत आले. सध्या तुमचं इंग्लंड युरोपच्या संघातून बाहेर पडायचं म्हणतंय, त्याचं वाचते. युरोपच्या संघाविषयी काही आहे का विचारलं, तर वाचनालयातल्या कोंडीरामने दुसऱ्या महायुद्धाचं जाडजूड पुस्तक हातात ठेवलं. तो धायरीचा. म्हणाला, "काकू, आमची धायरी म्हापालिकेत गेली तवा आमाला कुणी इचारलं? त्यांना इचारलं तरी हाय. मग भांडत्यात कशापायी?" विचारलं म्हणूनच भांडताहेत, हे मला घरी येऊन जिना चढताना सुचलं.

फराळाचा खोका काल कुरिअरला दिला. मागच्या वर्षी दोन केले होते, एक तुमचा, एक अभिनवचा. यंदा एकच केला आणि तो तुमच्या पत्त्यावर येईल, पूर्वी यायचा तसा. तेव्हा अभिनव आणि शेफाली तुमच्याकडे यायचे, चंद्रभागा त्यांचा वाटा काढायची आणि तुम्ही चकल्यांवरून पुतण्याशी भांडायचात. लेस्टर काही एवढं मोठं गाव नाही.

चकल्या वरच आहेत, खोका आपटू देऊ नका. तळाशी एक पत्र्याचा डबा आहे. झाकणाला चिकटपट्टी, वर सूनबाईचं, शेफालीचं नाव. त्यात लाडू आहेत. दिवाळीचे नव्हेत. चंद्रभागेला म्हणावं, उघडून बघितलंस तरी चालेल. बघच म्हणावं.

मागच्या वर्षीच्या गणपतीबद्दल मी तुम्हाला कधी लिहिलं नाही. समोरच्या श्रद्धाने मोबाईल आणून दाखवला होता. "काकू, तुमचे दीर व्हायरल झालेत." आरती झालेली, तिकडच्या तुमच्या मंडळाचा हॉल भरलेला, आणि तुमच्या हातात माईक. तुम्ही म्हणालात, आम्ही रांगेत उभं राहून या देशात आलो, आणि काही लोक पोर्तुगालचं तोंडसुद्धा न बघता पोर्तुगीज होऊन आले. शेफाली खिरापतीचं ताट घेऊन तुमच्या समोरच उभी होती. तिचे वडील गोव्यात पोर्तुगीज अमलात जन्मले, त्यावर तिला युरोपात कुठेही राहू देणारा तो पासपोर्ट मिळाला, हे त्या हॉलमध्ये कोणाला ठाऊक नव्हतं?

अभिनव म्हणाला, "काका, नाव घेऊन बोला."

तुम्ही म्हणालात, "खाई त्याला खवखवे."

मग तो म्हणाला, एसटीत खिडकीशी बसलेला माणूस दारातल्याला ओरडतो ना, गाडी भरली म्हणून, तसे आहात तुम्ही. लोक हसले. ते हसणं तुमच्या जिव्हारी लागलं असणार. मोबाईलवरसुद्धा तुमचा चेहरा मला दिसला.

तुमचं सगळंच चूक, असं मी म्हणणार नाही. तुम्ही तिकडे कारखान्यात होतात आणि चंद्रभागा परवानगीची वाट बघत तीन वर्षं आमच्याकडे राहिली. पोस्टमन आला की ती हात पुसत जिन्यात जायची आणि रिकाम्या हाताने वर यायची. ज्याने असं दार ठोठावलंय, त्याला दुसऱ्याचं उघडं दार बोचतं. हे मला कळतं. पण शेफालीने तुमच्यापासून काय हिरावून घेतलं ते कळत नाही.

सार्वमताच्या दिवशी तुम्ही आणि अभिनव एकाच गाडीतून मत द्यायला गेला होतात. तुम्ही 'बाहेर पडा'वर, तो 'राहा'वर. पोर्तुगालच्या पासपोर्टावर शेफालीला मतच नव्हतं, ती घरी पिठलं करत होती. ह्यांना फोनवर सांगितलंत तेव्हा हे म्हणाले, "दोघांची मतं एकमेकांना खाणार. मग गेलात कशाला? पिठलं गरम असताना खायचं." किती हसला होतात तुम्ही सगळे.

आणखी लिहायचं आहे, पण लिहिता येत नाही. डब्याचं विसरू नका.

तुमची,
प्रेमलावहिनी


नारायण पेठ, पुणे
२० डिसेंबर २०१९

प्रिय वैजनाथभाऊजी,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. चकल्या धड पोचल्या याचं बरं वाटलं. तुमच्याकडची निवडणूकही झाली, आता बाहेर पडणार हे नक्की, असं तुम्ही लिहिलंत. पेपरातही तेच होतं. तुमच्या मनासारखं झालं. आनंद झाला असेल तर तो असू दे, मी त्यावर काही बोलत नाही.

पण डब्याबद्दल तुम्ही लिहिता, "दुसऱ्याच्या नावाची वस्तू उघडण्याची आपल्या घराण्याची रीत नाही. डबा कपाटावर तसाच ठेवला आहे. अभिनवला सांगा, येऊन न्यावा." भाऊजी, उघडा म्हणून मीच लिहिलं होतं. तो निरोप तुम्ही चंद्रभागेला दिलात का? तिला फोनवर ऐकू येत नाही, आणि माझं पत्र तुम्ही तिला वाचून दाखवता ते गाळून दाखवता, हे मला पहिल्यापासून ठाऊक आहे. तेवढाच भाग नेमका गाळलात?

तुम्ही सचोटीचे आहात. पैशाचं नाणं सापडलं तरी चौकीवर नेऊन द्याल. पण कधी कधी वाटतं, थोडे कमी सचोटीचे असता तर बरं झालं असतं.

आता सरळ लिहिते. ती दोघं इंग्लंड सोडायचं म्हणताहेत. शेफालीला राहायचं असेल तर नुसता अर्ज करायचा आहे, मोबाईलवरून होतो म्हणे. ती करत नाही. मी फोनवर हात जोडले. ती म्हणाली, "आई, नऊ वर्षं इथे टॅक्स भरला. आता 'मी राहू का' म्हणून विचारू? परक्यांनी म्हटलं असतं, जा, तर मी अर्ज केला असता. घरच्या माणसाने म्हटलं." अभिनव तिच्या बाजूने. त्याने लिस्बनला नोकरी बघितली आहे. तिथे त्यांचं कोणी नाही. तिला भाषासुद्धा येत नाही, नुसता पासपोर्ट.

तुम्ही लगेच म्हणाल, बघा, मी तेच म्हणत होतो. म्हणू नका.

तुम्ही त्यांच्या दारात जाऊन एक शब्द बोला, "राहा." माफी मागू नका, मत बदलू नका. नुसतं "राहा" म्हणा. तुमचं ती ऐकेल, कारण तिला लागलंय ते तुमचंच. मी इथून काय करू? मी सांगते तेव्हा ते "हो आई" म्हणतात आणि पुढे हवेचं बोलतात.

जाल तेव्हा तो डबा हातात घेऊन जा. आणि निघण्याआधी एकदा चंद्रभागेच्या हातात द्या. का, ते मला विचारू नका. मी शब्द दिलेला आहे.

उत्तराची वाट बघते.

प्रेमलावहिनी


नारायण पेठ, पुणे
४ फेब्रुवारी २०२०

वैजनाथभाऊजी,

परवा फोनवर माझ्याकडून नीट बोलणं झालं नाही. म्हणून हे लिहिते.

तुम्ही सांगितलंत ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. चंद्रभागेने साफसफाईला म्हणून कपाटावरचा डबा काढला. पट्टी सुटली. तिने एक लाडू फोडला, वास घेतला आणि ओट्याला टेकून खाली बसली. म्हणाली, "अहो, हे डिंकाचे आहेत. अळिवाचे आहेत. हे बाळंतिणीचे लाडू आहेत. आपल्याकडे बाळंतीण कोण आहे?"

मग तुम्ही तसेच गाडी काढून अभिनवच्या घरी गेलात. दार कोणीतरी अनोळखी बाईने उघडलं आणि सांगितलं, ते लोक आठवड्यापूर्वीच गेले. आणि तुम्ही डबा तसाच परत घेऊन आलात.

तर आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. मुलगी झाली. पितृपक्षात झाली, म्हणून मी कोणाला न विचारता देवापुढे साखर ठेवली. तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या दवाखान्यात झाली. दिवस राहिल्यापासून ती दोघं मंडळात आली नाहीत, कोणाला कळवलंही नाही. अभिनवने मला बजावलं होतं, "आई, काकांना कळलं तर मी तुला एकही फोटो पाठवणार नाही." तो तसा करणारा आहे. घराणं तेच ना.

म्हणून मी लाडू केले. मी तोंडाने सांगणार नव्हते, पण लाडू सांगतील, असं माझं गणित. आपल्याकडच्या कुठल्याही बाईने झाकण उघडलं असतं तरी तिला कळलं असतं. चंद्रभागा पदर खोचून तशीच निघाली असती, तुम्हीही मागोमाग गेला असतात, आणि बाळ हातात घेतल्यावर कोण कशाच्या बाजूने होतं याला काय अर्थ राहिला असता? मी इथे ओट्याशी डिंक तळत असताना हे सगळं मनात रंगवलं होतं. झाकणावर नाव लिहिलं नसतं तर तुम्ही उघडलं असतं. नाव लिहिलं, कारण शेफालीला वाटावं, सासूने तिच्यासाठी केले.

तुमच्यावर माझा राग आहे का? आहे. अभिनववरही आहे. ह्यांच्या दिवसांना तुम्ही विमान धरून आलात आणि तेराव्यापर्यंत जमिनीवर झोपलात, हे मला विसरता येत नाही, म्हणून राग नीट करताही येत नाही. रात्री एकाची बाजू घेते, सकाळी दुसऱ्याची.

इंग्लंड संघातून बाहेर पडलं त्या दिवशी तुमच्या टीव्हीवर लोक झेंडे घेऊन नाचत होते, श्रद्धाने मला दाखवलं. दुसरीकडे काही लोक रडत होते. श्रद्धा म्हणाली, "काकू, आपल्याला काय त्याचं?" मी हो म्हटलं. माझ्या पासपोर्टावर इंग्लंडचा व्हिसा आहे, उन्हाळ्यात यायचं म्हणून घेतलेला. आता तिथे जाऊन मी कोणाच्या घरी उतरू, ते मला सांगा. पोर्तुगालचा वेगळा काढायचा, तो कुठे काढतात तेही मला माहीत नाही.

तुम्ही फोन ठेवताना त्यांचा पत्ता मागितलात. मी काल अभिनवला विचारलं. त्याने बाळाचं काही सांगता सांगता थांबून म्हटलं, "काकांना सांग, रांगेत उभे राहा." मी त्याला रागावले. म्हटलं, तुझ्या वडिलांनी हे ऐकलं असतं तर? तो म्हणाला, "बाबा असते तर एवढं झालंच नसतं, आई."

पत्ता माझ्याजवळ आहे. देता येत नाही. दिला तर त्या पोरीचा चेहरा मला दिसायचा बंद होईल, आणि न देता तुमचं पत्र वाचायचं तर डोळे वर होत नाहीत. मला यातलं काहीच दुरुस्त करता येत नाही, भाऊजी. मी वाचून वाचून एवढंच शिकले की देश एकमेकांपासून वेगळे झाले तरी बोलणी चालू ठेवतात, त्यासाठी माणसं नेमतात. आपल्याकडे मी एकटी आहे, आणि मला कोणीच नेमलेलं नाही.

तुम्ही मात्र लिहीत राहा. पत्ता सोडून जे विचाराल ते मी सांगेन. तिचं नाव तनया. दूध पिऊन झालं की मूठ उघडते. मोबाईल अगदी डोळ्यांजवळ धरून बघितलं, तिच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, जशी ह्यांची होती, जशी तुमची आहे. हे अजून मी अभिनवला सांगितलेलं नाही. तुम्हाला आधी सांगते.

तुमच्या भावाच्या मागे राहिलेली,
प्रेमला