नैवेद्याआधीचं ताट

आई, आज लक्ष्मीपूजन. सकाळी वलवणच्या मावशी फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या आणि त्या गेल्यापासून मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आहे. तू जाऊन एकतीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुला पत्र लिहावं असं कधी मनात आलं नाही. मेलेल्यांशी बोलायचं नसतं, हे तूच शिकवलंस. तरी लिहिते आहे. रागवायचं तर रागव. मी स्वतःच सगळ्यांवर इतकी वैतागले आहे की त्यात तुझ्या रागाची भर पडली तरी काही बिघडत नाही.

आधी तुझ्या नातवाचं सांगते. तिकोणा पेठेजवळ, पवनेच्या पाण्याकाठी त्याने तंबू ठोकलेत. पुण्या-मुंबईची मंडळी शनिवारी येणार, शेकोटी पेटवणार, गाणी लावणार, नको ते पिणार आणि रविवारी दुपारी उठून जाणार. म्हणजे रविवारी सकाळी ज्या वेळी त्याने चर्चमध्ये उपासनेला बसायचं, त्या वेळी हा लोकांना कांदेपोहे वाढणार. तेही मी गिळलं. पण उद्घाटन म्हणे पाडव्याच्या मुहूर्तावर, म्हणजे उद्या! मुहूर्त हा शब्द आपल्या घरात कधी कुणी उच्चारला होता का? सकाळी पाळकसाहेबांची प्रार्थना आणि ती झाली की नारळ. का, तर शेजारच्या वाडीतली जी बाई तिथे स्वयंपाकाला ठेवली आहे तिने सांगितलं, "दादा, नारळ वाढवल्याबिगर मी चूल न्हाई पेटवायची." मुलगा मला फोनवर म्हणतो, "आई, तुझी प्रार्थना आधी ठेवलीय की. मग काय अडचण आहे?" मी म्हटलं, "देवाला रेशनच्या रांगेत उभा करतोस होय रे?" त्याला हसू आलं. मी फोन ठेवून दिला. त्याला आज आठ दिवस झाले, आमचं बोलणं नाही.

तक्रार घेऊन पाळकसाहेबांकडे गेले, तर ते मलाच समजावायला लागले. "बाई, ती संस्कृती आहे, पूजा नव्हे." हा माणूस माझ्या मुलापेक्षा लहान. रविवारी पायात पांढरे बूट घालून उपदेश करतो, मागे ड्रम वाजतो, आणि गीतं भिंतीवरच्या पडद्यावर उमटतात, म्हणून आता कुणाला एक कडवंही पाठ नाही. पावसाळ्यात भुशी धरणाच्या गर्दीत गाड्या अडकतात या सबबीवर उपासना पन्नास मिनिटांवर आणली, ती पावसाळा संपला तरी पन्नासच राहिली. गेल्या महिन्यात चर्चच्या वडीलमंडळातल्या एकाच्या मुलीचं लग्न झालं. हळद, डीजे, सगळं साग्रसंगीत. मंडळातले निम्मे लोक नाचत होते. मी उठून आले, तर दुसऱ्या दिवशी म्हणे बाईंची तब्येत बरी नव्हती का? तब्येत माझी ठणठणीत आहे! बिघडलंय ते दुसरंच, आणि ते कुणाला दिसतच नाही. आई, मला खरंच भीती वाटते. माझ्यानंतर या घरात गुडघे टेकणारं कुणी उरणार नाही, ही ती भीती आहे. बाकी सगळी चिडचिड तिच्यातूनच येते.

तुझ्या वेळी असं नव्हतं. मी तिसरीत असताना शाळेतल्या सरस्वतीपूजनाचं खोबरं खाऊन घरी आले होते. तुला माझ्या तोंडाचा वास आला की फ्रॉकवर कीस दिसला, देव जाणे. तू मारलं नाहीस. हात धरून तशीच परत शाळेत घेऊन गेलीस आणि गुरुजींसमोर उभं केलंस. मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं की मला प्रसाद देऊ नका, मी खाणार नाही. परत येताना तू बाजारातून मला गुळाचा एवढा मोठा खडा घेऊन दिलास, आणि तो चघळत मी तुझ्याशी भांडले होते. दवाखान्याच्या नोकरीतही तुझं तेच. वाड्यावस्त्यांवर जाऊन बाळंतपणं करायचीस, पण पाचव्या दिवशी बाळ तपासायला गेलीस आणि आत पाचवीची पूजा चालू असली, की तू अंगणात थांबायचीस. त्या लोकांनाही सवय झाली होती. नर्सबाई आल्या की कुणीतरी बाहेर पोतं अंथरून ठेवायचं, आत त्यांचं उरकायचं, मग तू आत जायचीस. तू कुणाला दुखवलं नाहीस आणि स्वतःही तसूभर हलली नाहीस.

आणि हे मावशींचं ताट. त्या तेव्हा आपल्या शेजारच्या, शेतकऱ्याघरच्या, तुझ्याहून थोड्या लहान. तू त्यांना पहिल्याच दिवाळीला सांगितलंस की देवाला दाखवलेलं आम्ही खात नाही. तेव्हापासून दर लक्ष्मीपूजनाला सकाळी दहाच्या आत ताट यायचं. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, वर विणलेला रुमाल. मी बघते आहे, तू ते दोन्ही हातांनी घेतेस, पाट सरकवतेस, चहा टाकतेस. आणि मावशी म्हणतात, "च्या नगं, बाई." एरवी रोज दुपारी आपल्या घरी चहा पिणारी ही बाई वर्षातून त्याच एका दिवशी कपाला हात लावायची नाही. तू कप उचलून आत न्यायचीस. त्या गेल्यावर मात्र मला म्हणायचीस, "सणाच्या दिवशी आपला चहा चालत नाही बघ तिला. आपण किती झालं तरी बाटगेच." तुझा आवाज तेव्हा बारीक व्हायचा. पुढे पुढे तू त्या दिवशी चहा विचारणंही सोडून दिलंस.

आज त्या आल्या. चौऱ्याऐंशीच्या झाल्या, सुनेच्या स्कूटीवर मागे बसून आल्या. सून बाजारात गेली. मी मुलाच्या नारळावरून आधीच पेटलेली होते. चहा विचारला, त्या नको म्हणाल्या, आणि माझा तोल गेला. म्हटलं, "मावशी, पन्नास वर्षं झाली. अजून सणाला आमचा चहा चालत नाही का तुम्हाला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "चालत न्हाई म्हंजी? आगं, उपास असतो माजा."

"लक्ष्मीपूजनाला कसला उपास?"

"तुमच्या ताटाचा," त्या म्हणाल्या. "पयला घाणा देवाचा असतो, पोरी. देवाला दावल्याबिगर घरात कुनाला द्यायचा न्हाई. पन तुज्या आईला दावलेलं चालायचं न्हाई. मग मी काय करनार? पयला घाणा तुमचा काढायची. सासू लय बोलायची, देवाला उष्टं दावतीस म्हनून. शेवटी मी लक्षुमीला सांगितलं, चूक माजी हाय, लेकरांना काय करू नगंस, सांजच्याला पूजा हुईस्तवर मी पान्याचा थेंब घेनार न्हाई."

मी विचारलं, "आईला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तिनं ताट घेतलं असतं व्हय?"

नसतं घेतलंस. आई, आपण ज्या ताटाचा एवढा अभिमान बाळगला, ज्याचं मी रविवारच्या शाळेत मुलांना उदाहरण म्हणून सांगत आले, ते स्वच्छ राहावं म्हणून ही बाई तिच्या देवाची दरवर्षी गुन्हेगार होत होती. आणि आपण तिच्या कोरड्या तोंडाचा अर्थ काय लावला! मला तिथल्या तिथे रडू आलं. लाज वाटली, तुझीही वाटली थोडी. मी म्हटलं, "मावशी, हे आता बंद करा. या वयात उपास नका करू."

"करते की बंद," त्या म्हणाल्या. "मग फुडल्या साली देवाला दावून आनलेलं खाशील का तू?"

त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं, म्हणजे पुढच्या वर्षी घाणा कसा काढायचा ते ठरवता येईल. त्यांचे ओठ सुकलेले होते. मला ते शाळेतलं खोबरं आठवलं, मुलाचा नारळ आठवला. मी "हो" म्हणाले.

"मग फुडल्या सालीच पिईन च्या. या सालचा धरलाय तो मोडायचा न्हाई." स्कूटी आली आणि त्या गेल्या.

दुपारी मी आपणहून मुलाला फोन केला. उद्या येते म्हणून सांगितलं. नारळ मला आजही पटत नाही, मरेपर्यंत पटणार नाही, तेव्हा नारळाच्या वेळी मी फाटकाबाहेर थांबेन. मला वाटलं हसेल. तो म्हणाला, "बरं. बाहेर खुर्ची ठेवायला सांगतो." मावशींना मी काय कबूल करून बसले आहे ते मात्र त्याला सांगितलं नाही. तो लगेच विचारेल, मग माझ्या नारळानं काय घोडं मारलं होतं? त्याचं उत्तर तुझ्याकडे असणार, असं मी आयुष्यभर धरून चालले होते.

हे पत्र तुझ्या बायबलमध्ये ठेवणार होते, पण धीर होत नाही. चहाच्या डब्यामागे ठेवते. मावशींना "हो" म्हणाले ते मनापासून म्हणाले, की त्या म्हातारीने पुढच्या दिवाळीला पाणी तरी प्यावं म्हणून तिच्या तोंडावर खोटं बोलले, हे आई, मला अजून कळलेलं नाही.