माळ्यावरची खोली आणि दोन परवानग्या

३ मार्च
क्लिफर्ड, आईला लिहिता येत नाही हे तरी लक्षात आहे का रे? माझा वाढदिवस विसरलास, तेव्हा विचारून घेतलेलं बरं. शेजारची डोरीन लिहून घेते आहे. वही तू व्हिटबीहून राहायला आलास की वाच. नाताळात ‘बघू’ म्हणालास, म्हणजे येणारच. माळ्यावर तुझी खोली करते आहे.

११ मार्च
कौन्सिलचं पत्र. डोरीनने वाचलं: प्लॅनिंग परवानगी लागत नाही. झालं! चौकट करून लावलं. डोरीन म्हणे, खाली बारीक अक्षरं आहेत. म्हटलं, असू देत, मला मोठीही येत नाहीत.

२ एप्रिल
छपराला खिडकी बसली. गवंडी स्टॅनने विचारलं, आजी, जिना कुठे? म्हटलं, शिडी लाव. कालव्यावरच्या बोटीत आम्ही सातजण कपाटाएवढ्या केबिनीत वाढलो. पलंगही तसाच, भिंतीतून उघडणारा. स्टॅन म्हणे, मुलगा सहा फुटी आहे ना? पाय दुमडेल, माझाच आहे.

१९ एप्रिल
स्टॅन घाबरला, त्याने कौन्सिलच्या इन्स्पेक्टरबाईला बोलावलं. मी चौकट दाखवली. ती म्हणे, हे पत्र फक्त घर बाहेरून कसं दिसतं त्याचं. आत माणूस झोपला तर तुळया पेलतील का, आग लागली तर तो उतरेल कुठून, ती बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी वेगळी. म्हणजे बोटीवर रंगवलेले गुलाब वेगळे, तळ वेगळा. मला ठाऊकच होतं. काम बंद. डोरीन लिहिताना हसते आहे.

२७ जून
नव्या तुळया, आगीला अडवणारे दरवाजे, खरा जिना. जिन्याने माझी झोपायची खोली अर्धी खाल्ली. चालेल. मी आखडून झोपते.

५ ऑगस्ट
मंजुरी मिळाली! इन्स्पेक्टरबाईने जाताना विचारलं, मुलगा कधी येतोय? म्हटलं, त्याला अजून विचारलं नाही. बाई दारातच थांबली. मग चहा घेते म्हणाली.

६ ऑगस्ट
फोन केला. तू म्हणालास, आई, मी येणार असं कधी म्हणालो? माझं सगळं इथेच आहे. खरंय. एका ‘बघू’वर मी छप्पर फोडलं.
डोरीनला म्हटलं, हेही लिही. ती आज हसली नाही.
वही पोस्टाने पाठवते. बदल्यात तुमच्या व्हिटबीचे धुरावलेले हेरिंग मासे पाठव. तिथला दुकानदार ते जोडीनेच बांधून देतो. सोडवून एकच पाठव.